सनमायकाखालचं पान

आबा, तुम्ही केलेल्या टीपॉयचा कोपरा उचलला गेलाय. खिडकीकडचा, जिथं मी रोज चहाचा कप ठेवते तो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटला तर आधी कामतघरच्या लूमचा खडखडाट ऐकू येतो आणि मग त्याच्या मागून कुठून तरी तुम्ही. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. गरजच नव्हती. आधी आपण सगळे एकाच खोलीत राहत होतो, आणि लग्नानंतरही रिक्षात बसलं की तुमच्या दारात उतरत होते. आता लिहायला बसलेय ते त्या कोपऱ्यामुळं. त्याच्याखाली मला जे दिसलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या पणतीलाही नाही, जिच्या हातून तो उचलला गेला.

आपली खोली कामतघरच्या चाळीत अगदी शेवटची, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून कापडाचा कारखाना. लूम दिवसरात्र चालायचे. मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची म्हणून आई त्यांच्यामध्ये चिंध्या घालून ठेवायची. पाहुणे विचारायचे, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला उलट लूम बंद पडले की जाग यायची. बाबा त्याच कारखान्यात शिफ्टला, आणि तुम्ही अंबाडीच्या रस्त्याला लाकडाच्या वखारीत. ओंडके चढवायचे, उतरवायचे, पुढं करवतीवर उभं राहायचं. सुतारकाम तुम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्यात कुणी सुतार नव्हतंच. वखारीच्या मागच्या शेडमध्ये उत्तरेकडून आलेले एक कारागीर बसायचे, लाकडात पितळेची बारीक तार ठोकून नक्षी करणारे. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही भाकरी हातात घेऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसायचात आणि त्यांचे हात बघायचात. ते म्हणायचे, "चाचा, ये काम जल्दी का नहीं है," आणि तुम्ही म्हणायचात, "हमको किधर जल्दी है." हे तुम्हीच आम्हाला नक्कल करून सांगायचात, त्यांच्या आवाजात एकदा आणि तुमच्या आवाजात एकदा. असं बघून बघून तुमचा हात बसला.

भिवंडीत लाइट गेली की सगळे शिव्या घालतात. कारखान्यातून ओरडा उठायचा, मालक बाहेर येऊन वायरमनच्या नावानं बोंब मारायचा, आई पदरानं वारा घेत बसायची. तुम्ही मात्र लगबगीनं उठायचात. लूम बंद म्हणजे जमीन थांबली. एरवी त्या थरथरीत तुमची तार खोबणीतून उडायची, पटाशी रेष सोडून भलतीकडं जायची. म्हणून रंधा मारणं, घासणं, असलं जाडंभरडं काम तुम्ही लूम चालू असताना उरकायचात आणि तार बसवायचात ती लाइट गेल्यावरच, दारातल्या उजेडात. "चला, थांबली," एवढंच म्हणायचात. अख्ख्या भिवंडीत लाइट जायची वाट बघणारा माणूस तुम्ही एकटेच असाल. आई चिडून म्हणायची, "मामंजींनीच फ्यूज काढला असंल." आणि तुम्ही तार दातात धरून गालातल्या गालात हसताय, हे मला आत्ताही दिसतंय.

टीपॉयची फळी शिसवाची. वखारीत कुठल्याशा जुन्या घराचं लाकूड आलं होतं, त्यातली एक फळी कडेला चिरलेली म्हणून बाजूला पडली होती. ती तुम्ही मागून घेतलीत आणि ओळखीच्या ट्रकवर टाकून घरी आणलीत. चाळीतल्या बायका म्हणाल्या, आता हिच्यावर झोपणार का काय सगळे. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आकृती तुम्ही आधी कागदावर काढलीत: पिंपळाचं एक मोठं पान, आणि पानाच्या पोटात ध्यानाला बसलेले बुद्ध. चेहरा नव्हता काढलेला. डोकं, खांदे, मांडी, नुसती कड. मी विचारलं, डोळे का नाहीत, तर म्हणालात, "तोंड कोरायचं माज्या हाताचं काम न्हाय. बसल्येत एवडं कळलं का झालं." मैद्याची खळ शिजवून तो कागद फळीवर चिकटवलात आणि रेषेरेषेनं कोरत गेलात. पान फणसाच्या पिवळ्या लाकडाचं, बुद्ध त्याहून फिक्या कसल्याशा लाकडाचे, आणि पानाचा देठ नि शिरा पितळेच्या तारेच्या. लाख वितळवून एकेक तुकडा बसवत होतात. कुणासाठी करताय, असं विचारलं की एकच उत्तर, "तुज्या घराला." माझं कुठलं घर? तर म्हणे, "व्हईल की."

सगळं बसवून झालं तरी फळी गोधडीसारखी दिसत होती. कागदाचे कपटे, लाखेचे डाग, भुसा, एकात एक चिकटलेलं. मला रडू यायचं बाकी होतं. मग तुम्ही आईकडून पाणी तापवून घेतलंत, कारखान्यातल्या ग्रे, म्हणजे कोऱ्या, न धुतलेल्या कापडाचा एक तुकडा त्यात बुडवून पिळलात आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, पुस. मी घाईघाईनं नखानं कागद ओढायला लागले तर माझं मनगट धरलंत. "वडू नको. खळ हाय ती. गरम पानी लागलं का आपसूक सोडती. जरा दम धर." मी दम धरला. आणि खरंच, थोड्या वेळानं कागद आपोआप सुटायला लागला, आंबूस पिठाचा वास आला, आणि त्या राड्यातून आधी देठ, मग एक पिवळी कड, मग एक शीर चमकली. आई चूल सोडून बघायला आली. बाबा ड्युटीवरून आले ते कापसासकट तसेच खाली बसले. इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, हे तुमच्या नातजावयाला सांगितलेलं नाही.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. शाळेत बाईंनी विचारलं होतं, कुणाच्या घरी काय काम करतात, आणि मी ठोकून दिलं की आमच्या आजोबांचं फर्निचरचं दुकान आहे. बाईंना वाटलं बरं झालं, त्यांनी शाळेची मोडकी बाकं दाखवायला तुम्हाला बोलावणं धाडलं. तुम्ही वखारीतून तसेच भुशानं माखलेले आलात आणि मुख्याध्यापक तुम्हाला खुर्ची देऊन "या शेठ" म्हणाले. बाकं तुम्ही नीट करून दिलीत. दुकान नाही, हेही तिथंच सांगून आलात. घरी आल्यावर ओरडला नाहीत. हात धुतलेत, माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "आपलं काम सांगताना आवाज खाली करायचा न्हाय. आन् वरबी न्हाय. हाय तसा सांगायचा." मग जेवून होईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. आईनं दिलेल्या सगळ्या माराहून ते जेवण मला जास्त लागलं. लागलं खरं, पण टिकलं नाही.

लग्नात टीपॉय माझ्याबरोबर आला. टेंपोत तुम्ही स्वतः त्याला चादर गुंडाळून बसवलात आणि ड्रायव्हरला दोनदा बजावलंत, "ग्लास हाय आसं समजून चालव." माझ्या नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून माणूस कोण हे कुणाला कळत नाही. लग्नाआधी हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. ते भाड्याच्या दोन घरांनी शिकवलं. पहिल्या घरी सामान चढवतानाच मालकानं टीपॉय बघितला, पानातले बुद्ध बघितले, आणि महिना भरायच्या आत त्यांचा कुणी भाचा गावाहून राहायला येणार असल्याचं निघालं. दुसऱ्या घरी मालकीण हळदीकुंकवाला माझ्याकडं आली, टीपॉयवरच्या पानाकडं बघत बसली आणि कुंकू न लावून घेताच उठली. पुढं नळाचं पाणी आमच्याच मजल्यावर चढेनासं झालं. बौद्ध आहात म्हणून खाली करा, असं तोंडावर कुणीच बोललं नाही. तोंडावर बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. मी बँकेतून सुटायची आणि लेकीला कडेवर घेऊन खोल्या बघत हिंडायची.

तिसरी जागा काकूंची. इथल्याच शेतीवाल्या घरातल्या, जमिनीवर बिल्डिंग उभी केलेली, स्वतः समोरच्या दारात राहणाऱ्या. जागा हवेशीर, पाणी भरपूर, बँक जवळ. दाखवताना काकू म्हणाल्या, "भाडं पुढंमागं झालं तर चालेल, पण माणसं आपल्यातली असली की बरं पडतं ना." मी हसले. "हो ना," म्हणाले. आबा, तो 'हो ना' इतक्या सहज निघाला की पाठ करून ठेवल्यासारखा. सामान हलवायच्या आधी तुमचा नातजावई म्हणाला, "टीपॉयचं काय करायचं? तुझ्या आजोबांचा आहे, तूच ठरव." आणि पेपर वाचत बसला. त्याच्यावर राग काढायला मला आवडलं असतं, पण ठरवलं मीच.

मी कामतघरला आले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी इकडचं तिकडचं बोलत बसले. लेक कशी चालायला लागली, बँकेत काम किती वाढलंय. तुम्ही करवतीला कानस लावत होतात. मग मी म्हटलं, टीपॉयवर चहाचे डाग पडतात, पोर चमचे आपटते, सनमायका लावला तर पुसायला बरं पडेल. कानस थांबली. लूम चालूच होते, पण मला एकदम सगळं बंद पडल्यासारखं वाटलं. तुम्ही विचाराल, काय झालं? कुणी काय म्हणालं? त्याची उत्तरं मी रिक्षात जुळवून आणली होती. तुम्ही विचारलंत, "कोन्ता रंग?" मी पर्समधून नमुन्याचा तुकडा काढला. म्हणजे दुकानात मी आधीच जाऊन आले होते, हेही तुम्हाला कळलं. लाकडाच्या रेषा छापलेला, सागवानी. खऱ्या शिसवावर लावायला लाकडाचं चित्र. तुम्ही तो दाराच्या उजेडात धरलात, बोटानं ठोकून बघितलात आणि म्हणालात, "चांगला हाय. पुसाया सोपा." तुम्हाला कळलं होतं का, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारत आले. उगाच. न कळण्याइतके साधे तुम्ही कधीच नव्हता. जे मला वखारीचं नाव सांगायला लाजू देत नव्हते, तेच तुम्ही त्या दिवशी मला लाजू दिलंत.

रविवारी सकाळी तुम्ही आलात, खांद्याला पिशवी, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. उंबऱ्यातच थांबलात. पायानं फरशी दाबून बघितलीत आणि तुमचा चेहरा खुलला. "हलत न्हाय," म्हणालात. "चांगली जागा गावली बाय. हितं लाइट जायची वाट बगाया नको, तारकाम कवाबी व्हईल." आल्यापासून मी टीपॉयवर टेबलक्लॉथ घालून ठेवला होता. तो काढलात, पानावरून एकदा तळहात फिरवलात, घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग डब्यातून खळ काढून फळीभर लावलीत आणि वर ग्रे कापड ताणून बसवलंत. "खालनं कापड देतो," म्हणालात, "म्हंजे सनमायका चांगला धरतो." मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेले. पान झाकताना मला बघायचं नव्हतं. मी ज्वारीचं पीठ चाळत बसले, जे आधीच चाळलेलं होतं.

बाहेर आले तेव्हा घरभर सनमायका चिकटवायच्या सोल्यूशनचा वास होता. सनमायका बसला होता. वर तांदळाचा डबा, वरवंटा, लोखंडी तवा असं जे मिळेल ते वजन ठेवून तुम्ही एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. हाच, खिडकीकडचा. तेवढ्यात उघड्या दारातून काकू आत आल्या.

"सुतार आणलात वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

एवढाच शब्द, आबा. खोटाही नाही. सुतारच तर होतात तुम्ही. काकूंनी तुम्हाला विचारलं, "कुठले हो बाबा?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. "कामतघरचा. अंबाडी रोडला वखारीत व्हतो," तुम्ही म्हणालात. आवाज खाली केला नाहीत आणि वरही नाही. माझी लेक रांगत, उठत, पडत तुमच्यापर्यंत गेली आणि तुमचं धोतर धरून "आबा, आबा" करायला लागली. काकू हसल्या. "पोरांना काय, पांढरी मिशी दिसली की आबा!" तुमचा हात तिच्या डोक्याकडं निघालेला मी बघितला. तो अर्ध्यात थांबला आणि परत सनमायकावर जाऊन बसला. तिला उचलून घ्यायला काकूच वाकल्या.

मग तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "ताई, जरा पानी द्याल का?"

जन्मल्यापासून मी तुमची बाय. ताई त्या दिवशी पहिल्यांदा झाले. मी ग्लास भरून आणला. तुम्ही तो ओठांना लावला नाहीत. मान मागं टाकून वरून धार धरलीत आणि घटाघटा प्यायलात, एक थेंब खाली न सांडता. घरी तुम्ही तांब्याला तोंड लावून पाणी प्यायचात आणि आई त्यावरून तुमच्याशी रोज भांडायची. असं वरून पिताना मी तुम्हाला कधीच पाहिलं नव्हतं. पण हात सरावाचा होता. माझ्या जन्माच्याही आधी, कुणाकुणाच्या अंगणात उभं राहून तो सराव झाला असेल. तो तुम्हाला परत करायला लागला, माझ्या घरात, मी दिलेल्या ग्लासानं.

काकूंना तुमचं काम आवडलं. त्यांच्या किचनचा एक ड्रॉवर अडकायचा, तोही दाखवायला त्या तुम्हाला घेऊन गेल्या. तुम्ही तो रंधून दिलात आणि तिथूनच जिना उतरून गेलात. मी गॅलरीत उभी होते. काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, म्हणून मी हात हलवला नाही. तुम्ही वर बघितलं नाहीत. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीत आणि वळलात. काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा हात चांगला आहे हो." मी म्हटलं, हो.

त्यानंतर तुम्ही माझ्या घरी आला नाहीत. जिने चढवत नाहीत, गुडघे धरलेत, असं आई सांगायची. वखारीतला ओंडका खांद्यावर घेणारे गुडघे. मीच येत राहिले, लेकीला घेऊन, आणि तुम्ही तिला मांडीवर घेऊन लाकडाच्या चिपळ्या करून द्यायचात. त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. एकदाच विचारलंत, "सनमायका धरला का?" मी म्हटलं, धरला. "धरील," तुम्ही म्हणालात. "फकस्त गरम भांडं ठिवू नको वर. गरम पान्याला जप." मला वाटलं, सनमायकाला जपायला सांगताय. तुम्ही गेलात तेव्हा बँकेत रजेच्या अर्जावर 'आजोबांचे निधन' असं लिहिलं. काकूंना फक्त म्हटलं, जरा गावाला जाऊन येतो. परत आले तेव्हा त्यांनी आमच्यासाठी पिठलंभात करून ठेवला होता. प्रवासानं दमला असाल, म्हणाल्या.

काकू वाईट बाई नाहीत, हेच तर अवघड आहे. लेकीला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या बरोबरीनं त्या हॉस्पिटलात बसल्या. पुढं ही जागा आम्हाला विकताना दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी दारातून परत लावलं. त्यांना आमचं कळलंय का, हे मला आजतागायत माहीत नाही. कळलंही असेल; बँकेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि भिवंडी काही मुंबई नाही. पण त्यांनी कधी काढलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी साधं "तुमच्याकडं आज काय विशेष?" असं विचारलं तरी चोराच्या मनात चांदणं. आणि गंमत बघा आबा, आता काकूंच्या हॉलमध्ये बुद्धाचा मोठा मुखवटा टांगलाय. नातवानं मागवला. खाली छोटा दिवा, पाण्याची धार. "घर कसं शांत वाटतं," म्हणतात. बिल्डिंगीत आता घरोघरी एक तरी बुद्ध आहे, शोकेसमध्ये, बाथरूमच्या दारावर. नाही ते फक्त आमच्या घरात. आमचे खाली आहेत, चहाच्या कपाखाली.

परवा लेक आली होती. सर्दी झाली म्हणून वाफ घ्यायला पाण्याचं पातेलं तिनं टीपॉयवर ठेवलं आणि त्यातलं निम्मं सांडलं. सकाळी कोपरा सुटल्यासारखा तिला दिसला होता; ती गेल्यावर मी पुसायला गेले तर तो चांगलाच वर आलेला. मी बोट घालून बघितलं. सनमायका फुटला नाही, त्याच्याबरोबर कापड उचललं गेलं. ग्रे कापड, ओलं, बुळबुळीत. आणि तोच वास आला, आंबूस पिठाचा. त्याच्याखाली शिसव. पॉलिश थोडं पांढरं पडलेलं, पण सोल्यूशनचा एक डाग नाही, एक ओरखडा नाही. मी पाणी तापवलं. फडकं बुडवून कोपऱ्यावर धरून बसले. दम धरला. तळहाताएवढं सुटलं, आणि देठ दिसला. पितळेची तार, काळपटलेली. अंगठ्यानं घासली तर चमकली.

कापड सनमायका धरण्यासाठी नव्हतं, आबा. ते पान धरण्यासाठी होतं. सोल्यूशन तुम्ही पानाला लागूच दिलं नव्हतं. मी झाकायला सांगितलं, तर तुम्ही अशा बेतानं झाकलंत की मला कधीही उघडता यावं. रागावून लावला असतात ना सनमायका, तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही माझ्यासमोर डबा उघडलात, माझ्यासमोर खळ लावलीत, आणि जिनं लहानपणी स्वतःच्या हातानं खळ सोडवली होती तिला ते ओळखू आलं नाही, कारण ती पीठ चाळायला निघून गेली होती. "गरम पान्याला जप," म्हणालात तेव्हाही आलं नाही. तुम्ही वाट बघत होतात का? लाइट जायची बघायचात तशी?

मी तशीच बसले होते, अंगठा देठावर, तेवढ्यात काठी टेकत काकू आल्या. आताशा त्या बेल वाजवत नाहीत.

"अगं, सनमायका उचकटला की!" त्या म्हणाल्या. "तो म्हातारा सुतार होता ना, कामतघरचा, त्यालाच बोलव. माझा ड्रॉवर अजून चालतोय बघ."

"ते वारले, काकू."

"अरेरे. कधी गं?"

"झाली बरीच वर्षं."

त्या खुर्चीत टेकल्या. काठी मांडीवर आडवी घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला कसं कळलं?"

आता भीती कसली होती? जागा आमची आहे. लेक मोठी झाली, तिच्या घरात तर दर्शनी भिंतीवरच बुद्धांचा फोटो आहे. काकूंच्या स्वतःच्या हॉलमध्ये बुद्ध आहेत. घर जाणार नव्हतं, पाणी तुटणार नव्हतं. फक्त त्या रविवारचा 'हो' परत घ्यायचा होता. "माझे आजोबा होते ते" एवढे चार शब्द. आवाज खाली नाही, वर नाही. काकू वाट बघत होत्या. वाट बघताना त्यांचा चेहरा इतका मऊ होता की मला वाटलं, यांना माहीत आहे, आणि यांना ते माझ्या तोंडून ऐकायचंय. कदाचित तसं काहीच नसेल.

"असंच, कानावर आलं," मी म्हटलं.

"हात चांगला होता हो त्याचा," काकू म्हणाल्या, आणि चहा मागितला. मी चहा केला. त्यांचा कप मी टीपॉयवर ठेवू दिला नाही, हातात दिला. तेवढं जमलं.

हे तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. वाचणार असतात तर वर्षानुवर्षं तुमच्यासमोर बसून जसं इकडचं तिकडचं बोलले तसंच काहीतरी लिहिलं असतं. अजून एक सांगायचं राहिलं. काकू गेल्यावर मी सगळा सनमायका सोलून काढला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही काढला. तापवलेलं पाणी निवलं, ते ओतून दिलं. कोपरा उघडा ठेवून चालणार नव्हतं. लेक जाताना सोल्यूशनची ट्यूब ठेवून गेली होती, "एकदाच चिकटव, परत निघायला नको" म्हणून. ती मी तशीच बाजूला ठेवली, आणि वाटीभर मैदा घेऊन खळ शिजवली.